पेटी रिकामी दिसते तेव्हा साप कुठे असतो?

प्रश्न थोडक्यात असा आहे: नाताळच्या सुट्टीत सात वर्षांच्या मुलीला कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात न्यायचंय. तिला वाघापेक्षा सापांची ओढ जास्त. मागे मे महिन्यात भर दुपारी गेले होते, तेव्हा निम्म्या पेट्या रिकाम्या आणि उरलेल्यांत साप मेल्यासारखे पडलेले. लोक काच वाजवत होते तरी ढिम्म हलले नाहीत. त्यांना गुंगीचं औषध देतात का, ते आजारी असतात का, आणि कोणत्या वेळी गेलं तर नीट दिसतील? शिवाय बायकोला सापांची प्रचंड भीती आहे. तिला न्यावं की नाही?

मी अठरा वर्षं एका प्राणिसंग्रहालयाच्या सर्पविभागात रक्षक होतो. त्याआधी सर्पमित्र म्हणून लोकांच्या न्हाणीघरातून आणि लाकडाच्या ढिगांतून साप काढायचो. कात्रजला नोकरी केली नाही, पण प्रेक्षक म्हणून किती वेळा गेलो त्याची गणती नाही. त्यामुळे सगळं सविस्तरच सांगतो.

गुंगीच्या औषधाचं आधी संपवू. नाही देत. विषारी सापाला साधं जंताचं औषध द्यायचं तरी आम्हाला दोन माणसं, एक पारदर्शक नळी आणि अर्धा तास लागायचा. सापाला त्या नळीत डोक्याकडून शिरू द्यायचं, निम्मा आत गेला की नळी आणि अंग एकत्र धरायचं, मग दुसऱ्याने काम उरकायचं. प्रेक्षकांसमोर साप शांत पडून राहावेत म्हणून हा उद्योग रोज पन्नास सापांवर कोण करेल? आणि शांत पडून राहायला सापाला औषध लागतच नाही, ते त्याला जन्मतःच येतं.

तुम्ही 'मेल्यासारखे पडलेले' म्हणता, ते झोपलेले होते की जागे होते हे मलाही काचेबाहेरून सांगता आलं नसतं. सापाला पापण्या नसतात. डोळ्यावर एक पारदर्शक खवला कायमचा बसवलेला असतो, त्यामुळे झोपलेला साप आणि तुमच्याकडे टक लावून बघणारा साप सारखेच दिसतात. आपल्याला शरीर ऊबदार ठेवायला दिवसातून दोन-तीनदा जेवावं लागतं. साप ती ऊब उन्हातून, तापलेल्या दगडातून, पेटीतल्या बल्बमधून उसनी घेतो. आमच्याकडे नाग-धामणीला साधारण आठवड्यातून एकदा उंदीर मिळायचा, मोठ्या अजगराला पंधरा-वीस दिवसांनी काहीतरी. इतक्या कमी खाण्यावर जगणारा प्राणी उगाच येरझाऱ्या का घालेल? जंगलातही पोट भरलेला अजगर एकाच कपारीत कित्येक दिवस पडून असतो. उलट पेटीतला साप दिवसभर काचेला नाक घासत फिरताना दिसला, तर लोक खूश होतात आणि रक्षक काळजीत पडतो.

म्हणजे तुमच्या तीन-चार प्रश्नांच्या मुळाशी एकच अडचण आहे: पेटीत साप बघायचा कसा हे कुणी आपल्याला शिकवत नाही. माकडांच्या पिंजऱ्यासमोर उभं राहिलं की माकडं आपली आपण दिसतात. सापाचं तसं नाही, तो शोधावा लागतो.

रिकाम्या पेटीची गोष्ट सांगतो, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल. मी पहिल्यांदा कामाला लागलो त्या जागेचं नाव सांगत नाही. तिथे प्रत्येक पेटीत वाळू, पाण्याचं भांडं आणि साप, एवढंच असायचं. लपायला काही ठेवायचं नाही असा वरून हुकूम होता. 'लोकांनी तिकीट काढलंय, साप दिसला पाहिजे.' एक घोणस होती, चांगली जाडजूड मादी. तिने सहा आठवडे उंदराला तोंड लावलं नाही. दिवसभर कोपऱ्यात अंग गुंडाळून, डोकं वेटोळ्याखाली खुपसून बसायची. एके दिवशी मी गुपचूप एक फुटका माठ आणला आणि त्याचं अर्धं खापर तिच्या पेटीत पालथं घातलं. तासाभरात ती आत शिरली आणि नवव्या दिवशी तिने खाल्लं. मग आम्ही सगळ्याच पेट्यांत खापरं ठेवली. साप खायला लागले आणि अभिप्रायाची वही तक्रारींनी भरली: पेट्या रिकाम्या आहेत, पैसे परत द्या. साहेब मला म्हणाले, "काढ ती खापरं." शेवटी तोड निघाली ती अशी, की खापर ठेवायचं पण त्याचं तोंड काचेकडे करायचं. सापाला डोक्यावर छत मिळालं आणि वाकून बघणाऱ्याला साप मिळाला.

ही युक्ती पुष्कळ ठिकाणी वापरतात. म्हणून पहिली गोष्ट, रिकाम्या पेटीसमोर खाली बसा. मोठी माणसं उभ्या उंचीवरून बघतात आणि त्यांना खापराची पाठच दिसते. तुमच्या मुलीचे डोळे मुळातच त्या उंचीवर आहेत, ती तुमच्या आधी साप शोधेल. पैज लावायची असेल तर लावा.

दुसरं असं, की अख्खा साप शोधू नका. लांबलचक, दोरीसारखा साप फक्त चित्रात असतो. पेटीत दिसतो तो सापाचा तुकडा: खापराच्या कडेने बाहेर आलेलं शेपटाचं टोक, पाण्याच्या भांड्याभोवतीचं एक वळण, फांदी आणि भिंत यांच्या सांध्यात अडकलेला खवल्यांचा पट्टा. आधी बल्ब कुठे आहे ते बघा आणि त्याच्या खालची जागा तपासा. मग पाण्याचं भांडं. उन्हाळ्यात अजगर आणि दिवड तासन्‌तास पाण्यात बसतात, फक्त नाक वर. मग कोपरे, आणि शेवटी वर. वर कुणीच बघत नाही. हरणटोळ वरच्या फांदीवर असतो, बोटाइतका जाड, हिरवागार, काटकीसारखा ताठ. मी लोकांना त्या पेटीसमोर "ही रिकामीय" म्हणत जाताना रोज बघायचो, आणि साप त्यांच्या नाकापासून वीतभर अंतरावर असायचा. त्याची आडवी बाहुली जरूर बघा, आपल्या इतर सापांत तशी सहसा दिसत नाही. कोकणात त्याच्याबद्दल भलतंच बोलतात, झाडावरून उडी मारून टाळू फोडतो वगैरे. बिचारा सरडे खाऊन जगतो. विष सौम्य, आणि माणसाच्या टाळूशी त्याला काही देणंघेणं नाही.

तिसरं, एका पेटीसमोर तीन मिनिटं थांबा. घड्याळ लावून. सुट्टीच्या दिवशी लोक एका पेटीला जेमतेम पाच-सात सेकंद देतात. तेवढ्यात सापाची जीभही बाहेर येत नाही. थांबलात तर ती येईल. दुभंगलेली काळी जीभ हवेत दोनदा वर-खाली होते आणि आत जाते. ती हवेतले वासाचे कण टिपून टाळूतल्या एका इंद्रियाकडे पोहोचवते. दोन टोकं असल्यामुळे वास डावीकडून येतोय की उजवीकडून, हेही त्याला कळतं. मुलीला एवढं सांगून बघा, मग ती जीभ मोजत बसेल आणि तुम्हालाच "चल आता" म्हणायची वेळ येईल.

आता काच वाजवण्याबद्दल. सापाला बाहेरचा कान नसतो, पण आतला कान असतो आणि तो जबड्याच्या हाडाला जोडलेला असतो. जबडा जमिनीला टेकलेला असला की जमिनीतली कंपनं थेट आत पोहोचतात. म्हणजे तुम्ही काचेवर बोट आपटता तेव्हा पेटी त्याच्या डोक्यात वाजते. ते साप ढिम्म राहिले, कारण सकाळपासून हजार वेळा वाजवून झालेलं असतं आणि पळायला जागा नसते. नव्याने आलेले साप मात्र ढिम्म राहत नाहीत. दिवाळीच्या सुट्टीतल्या एका रविवारी आमच्याकडच्या एका तरुण नागाने फणा काढला. झालं, गर्दी जमली, आणि तो फणा टिकावा म्हणून पोरं आळीपाळीने काच ठोकू लागली. मी शेजारच्या दालनात होतो. पोहोचेपर्यंत त्याने काचेवर चार-पाच वेळा तोंड आपटून घेतलं होतं. काचेवर ओले ठिपके होते आणि त्याच्या नाकपुडीच्या वर रक्त. जखम चिघळली, तोंडात पू झाला. दोन महिने आम्ही दर दुसऱ्या दिवशी त्याचं तोंड साफ करत होतो. वाचला, पण नाकाचा शेंडा कायमचा वाकडा झाला. तुमच्यासमोर कुणी काच वाजवलीच, तर भांडू नका. मुलीला मोठ्याने विचारा, "याच्या डोक्यात केवढा आवाज होत असेल, नाही?" बाजूचा माणूस बहुधा हात मागे घेतो. फ्लॅश मात्र तुमच्या मोबाइलचाही बंद ठेवा.

आजारी असतात का, या प्रश्नाचं खरं उत्तर आहे: कधीकधी असतात, आणि ते निश्चलतेवरून ओळखता येत नाही. तोंड उघडं ठेवून श्वास घेणारा, तोंडाशी बुडबुडे किंवा लाळ असलेला साप आजारी समजा. पाठीचा कणा वर येऊन अंग कौलाच्या आढ्यासारखं त्रिकोणी दिसत असेल, तर तो उपाशी आहे. कात तुकड्यातुकड्यांनी अंगाला चिकटून राहिली असेल, तर पेटीतली हवा फार कोरडी असते किंवा दुसरं काही बिनसलेलं असतं. पाण्याचं भांडं कोरडं असेल तर थेट रक्षकाला सांगा, यात लाजू नका. पण डोळे दुधाळ-निळे झालेले आणि रंग मळकट पडलेला दिसला, तर घाबरू नका. तो कात टाकणार आहे. तेव्हा त्याला नीट दिसत नाही, म्हणून तो चिडका होतो आणि लपून राहतो. पुढे काही दिवसांत डोळे पुन्हा स्वच्छ होतात आणि त्यानंतर कात निघते, ओठांपासून सुरू होऊन मोज्यासारखी उलटी. ताजी कात पेटीत पडलेली दिसली तर डोक्याचा भाग शोधा. त्यावर डोळ्यांचे दोन गोल पारदर्शक खवले असतात, चष्म्याच्या काचांसारखे.

वेळेचं गणित पूर्णपणे ऋतूवर आहे. मे महिन्यात भर दुपारी गेलात, तिथेच फसलात. त्या उन्हात मगरी पाण्यात, कासवं झुडपात आणि साप पेटीच्या सगळ्यात गार कोपऱ्यात. उन्हाळ्यात जायचं तर दार उघडल्या उघडल्या आत शिरावं. नाताळात याच्या अगदी उलट. पुण्यातली सकाळ दहा-बारा अंशांवर असते, सापाला अंग चालवायला तीसच्या आसपास लागतात. सकाळी फार लवकर गेलात तर उघड्यावरचे सरपटणारे प्राणी दिसणारच नाहीत. साधारण अकरा ते दीड ही तुमची वेळ. तोवर मगरी काठावर येतात, तारा कासवं पाय बाहेर काढतात, आणि पेट्यांतले साप बल्बखाली पसरतात. आभाळ भरलेलं असेल तर ही सगळी गणितं चुकतात. मण्यारीच्या बाबतीत तर कुठलीच वेळ कामाची नाही. ती रात्रीची. दिवसा तिची निळसर काळी गुंडाळी दिसली, तर तेवढ्यावर समाधान मानायचं.

आणि दालनात शिरल्यावर सगळे साप बघायचा हट्ट सोडा. चार ठिकाणं निवडा. मी निवडेन ती सांगतो, कारण या चारांचा घरीदारीही उपयोग आहे.

मण्यार आणि कवड्या शेजारी-शेजारी असतील तर तिथे सर्वात जास्त वेळ द्या. मण्यार जहाल विषारी, कवड्या बिनविषारी, पण दोघांच्या अंगावर पांढरे आडवे पट्टे, आणि एकाला दुसरा समजल्यामुळे माणसं दगावतात. मण्यारीचे पट्टे बारीक, बहुतेकदा जोडीजोडीने, आणि मानेपासून थोडं अंतर सोडून सुरू होतात; शेपटीकडे जास्त ठळक. कवड्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात, रुंद असतात आणि शेपटीकडे विरत जातात. मण्यारीच्या पाठीच्या मधोमध षटकोनी मोठ्या खवल्यांची ओळ असते, ती काचेतून दिसते. प्रकाश तिरपा पडला तर फारच छान. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते, दात इतके बारीक की कित्येकदा वेदना होत नाही, खूण सापडत नाही, आणि पहाटे पोटात दुखतंय, पापण्या उघडत नाहीत म्हणून माणूस उठतो. या पेटीसमोर मी प्रत्येक शाळेच्या मुलांना एकच सांगायचो: गावाला आजोळी गेलात तर खाटेवर झोपा, आणि मच्छरदाणी गादीखाली खोचा.

दुसरी जोडी विषारी घोणस आणि बिनविषारी अजगर, तिच्यात बिनविषारी डुरक्या घोणसही घ्या. घोणशीच्या पाठीवर साखळीसारख्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन रांगा असतात, कडेला काळी किनार. अजगराचे डाग वेडेवाकडे, नकाशासारखे. डुरक्याची शेपटी अगदी आखूड. शेतात 'अजगराचं पिल्लू' म्हणून घोणस हातात घेणारे लोक मी पाहिलेत. त्यांतल्या एकाचा हात वाचला नाही. घोणस चिडली की कुकरच्या शिट्टीसारखी फुस्स करते, पण काचेआड ते ऐकू येईलच असं नाही, आणि ऐकायला मिळावं म्हणून तिला चिडवायचं नाही हे सांगायला नकोच.

नागाच्या पेटीसमोर फण्याची वाट बघू नका. फणा म्हणजे भीती. आरामात असलेला नाग साध्या तपकिरी दोरीसारखा दिसतो आणि लोक त्याला धामण समजून पुढे जातात. धामणीचा डोळा मोठा, आणि ओठांवरच्या खवल्यांच्या सांध्यांत काळ्या रेघा असतात. किंग कोब्रा बघायला मिळाला तर तो चौथा. जगातला सर्वात लांब विषारी साप, अठरा फुटांपर्यंत जातो, मुख्यतः दुसरे साप खातो, आणि मादी पाचोळा ओढून अंड्यांसाठी घरटं करते, जे दुसरा कुठलाच साप करत नाही. आपण याला इतकी वर्षं एकच जात मानत होतो. 2024 मध्ये संशोधकांनी त्याच्या चार जाती केल्या आणि आपल्या पश्चिम घाटातल्या जातीला 'कालिंगा' असं नाव दिलं, कानडी मुलखात लोक त्याला म्हणतात त्या काळिंग सर्पावरून. फलकावर जुनंच नाव असेल तर चिडू नका, सरकारी फलक बदलायला नागाला कात टाकण्यापेक्षा जरा जास्त वेळ लागतो.

एक बजावून ठेवतो. हे ओळखायला शिकणं काचेआड ठीक आहे. घरात साप निघाला तर कवड्या की मण्यार याचा निकाल तुम्ही लावायचा नाही. लांब राहून नजर ठेवायची आणि सर्पमित्राला किंवा वनविभागाच्या 1926 या नंबरवर फोन करायचा. चावलाच तर आवळून बांधायचं नाही, चिरायचं नाही, माणसाला न हलवता 108 ची गाडी बोलवून थेट दवाखान्यात. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांवर चालतं, त्यामुळे मेलेला साप पिशवीत घालून न्यायची गरज नसते.

सापांनंतर मुलीला मगरीकडे न्या. आ वासून पडलेली मगर बघून लोक म्हणतात, कुणाला तरी गिळायला टपलीय. तिला घाम येत नाही, तोंडावाटे ती जास्तीची उष्णता सोडतेय, इतकंच. सांगलीकडचे लोक कृष्णाकाठी आणि चिपळूणचे लोक वाशिष्ठीत हीच मगर बघतात. डोळ्यावर आडवा सरकणारा तिसरा पडदा दिसतो का ते शोधायला सांगा. घोरपड दिसली तर तिची नखं बघा. कात्रजहून सिंहगड दूर नाही, त्यामुळे तानाजीची यशवंती घोरपड निघणारच. दोर बांधून माणसं वर चढवण्याचं काम ती करू शकेल असं मला वाटत नाही, पण दगडाच्या फटीत पाय रोवून अंग फुगवलं की तिला बाहेर ओढणं कठीण असतं, हे मी स्वतः अनुभवलंय. कथेला धागा बहुधा तिथूनच मिळाला असावा. या घोरपडीच्याच नराचे जननावयव वाळवून 'हत्ता जोडी' नावाची मुळी म्हणून विकतात, लोक ती देवघरात ठेवतात. हे सात वर्षांच्या मुलीला सांगायचं नाही, पण तुमच्या ओळखीत कुणी विकत घेत असेल तर त्याला जरूर सांगा.

बायकोचा प्रश्न मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण तिथे परिस्थितीवर फार अवलंबून आहे. साप टीव्हीवर आला तरी त्या खोलीतून उठून जातात, घाम फुटतो, मळमळतं, इतकी भीती असेल तर नेऊ नका. सहल हा त्यावरचा इलाज नाही, त्यासाठी समुपदेशक असतात आणि त्यांचा उपयोग होतो. भीती आहे पण उत्सुकताही आहे, असं असेल तर न्या, फक्त दोन वाक्यं तोंडातून काढू नका: "अगं काही होत नाही" आणि "इतकं काय घाबरायचं." आमच्याकडे एक शिक्षिका दरवर्षी वर्ग घेऊन यायच्या आणि दालनाच्या दारात उभ्या राहायच्या. पहिल्या वर्षी त्या पाठमोऱ्या होत्या. मी त्यांना आत बोलावलं नाही, एक स्टूल आणून दिलं. दुसऱ्या वर्षी तोंड आतल्या बाजूला होतं. तिसऱ्या वर्षी एका मुलीने येऊन सांगितलं, "बाई, अजगराला ओठांवर खड्डे आहेत," आणि बाई खड्डे बघायला आत आल्या. ते खड्डे म्हणजे उष्णता ओळखायची इंद्रियं. तुमच्या घरीही हे काम मुलीवर सोपवा. आईने दारात थांबायचं, मुलीने प्रत्येक पेटीतली एक बातमी आणायची. आधी मगरी-कासवं, मग सापांचं दालन हा क्रमही त्यांच्यासाठी बरा पडेल.

आजी सोबत असतील आणि त्यांनी नागाच्या पेटीला हात जोडले, तर जोडू द्या. नाग दूध पीत नाही हे व्याख्यान तिथेच द्यायची गरज नाही. कात्रजचं हे सर्पोद्यान 1986 मध्ये नीलमकुमार खैरे यांनी सुरू केलं. त्याआधी ते 72 विषारी सापांसोबत 72 तास काचेच्या खोलीत राहिले होते, का तर साप उगाच चावत नाही हे लोकांना दिसावं म्हणून. त्या काळी ते बघायला आलेल्यांतही हात जोडणारे पुष्कळ असणार.

दालनातल्या रक्षकाशी बोला. "साप हातात घेऊन दाखवा" असं म्हणू नका. ते त्याला करता येत नाही, आणि पैसे घेऊन कुणी करत असेल तर त्या माणसापासून दूर राहा. "आज कुणी कात टाकली का?" एवढंच विचारा. दिवसभर "हा खरा आहे का?", "मेलाय का?" हेच ऐकणाऱ्या माणसाला कुणी हा प्रश्न विचारला, तर तो हातातली बादली खाली ठेवून तुमच्यासोबत चालायला लागेल.

सापांच्या दालनाला पाऊण तास पुरे, त्याहून जास्त मूल टिकत नाही. परिसर सव्वाशे एकरांच्या वर आहे, तेव्हा चालायची ताकद राखून ठेवा. शक्य असेल तर रविवार सोडून दुसरा वार काढा, गर्दी निम्मी असते. फक्त बुधवार काढू नका, त्या दिवशी कात्रज बंद असतं. मी हे सगळ्यांना सांगत फिरतो आणि गेल्या वर्षी माझाच मेव्हणा नगरहून पोरांना घेऊन बुधवारी गेटवर उभा होता.